संगणकावरची चिकटवही आणि घर सोडणारी मुले

छंद या शब्दाकडे मराठी घराने फारशा आदराने कधी पाहिलेले नाही. 'छंदीफंदी' हे विशेषण कोणी कौतुकाने वापरीत नाही, आणि एखाद्याला कसला तरी 'नाद' लागला असे म्हटले की त्यात काळजीच अधिक असते. त्यातून गृहिणीचा छंद म्हणजे तो संसाराच्या उपयोगी पडला तरच क्षम्य. विणकाम केले तर स्वेटर निघाला पाहिजे, बाग केली तर निदान कढीपत्ता तरी मिळाला पाहिजे. चिकटवही तेवढी या हिशेबातून कशीबशी सुटली. पाककृतींची कात्रणे, भाचीची लग्नपत्रिका, मॅट्रिकच्या निकालात थोरल्याचा क्रमांक छापून आलेला वर्तमानपत्राचा तुकडा, असा ऐवज जुन्या हिशेबाच्या वहीत खळीने चिकटवून ठेवणाऱ्या आज्या पुष्कळ घरांत होऊन गेल्या. खळीला कीड लागू नये म्हणून तीत चिमूटभर मोरचूद घालण्याची युक्तीही त्यांना ठाऊक असे.

ही हौस जगात इतरत्रही जुनीच आहे. मार्क ट्वेन या अमेरिकन विनोदी लेखकाने 1873 साली आपोआप चिकटणाऱ्या चिकटवहीचे पेटंट घेतले होते. तिच्या पानांना आधीच गोंद लावलेला असे, ओला हात फिरवला की काम झाले. पुढे 1980 साली युटा राज्यातल्या सॉल्ट लेक सिटी येथे वंशावळी आणि कुलवृत्तान्त यांविषयीचे जागतिक संमेलन भरले. तेथे मेरिलेन ख्रिस्टेन्सन या गृहिणीने आपल्या कुटुंबाचे सजवलेले ग्रंथ मांडले. ते 50 हून अधिक होते. तेव्हापासून अमेरिकेत या छंदाला उद्योगाचे रूप आले. नक्षीचे कागद, कडा कातरण्याच्या कात्र्या, रंगीत फिती यांची स्वतंत्र दुकाने निघाली. 2001 नंतर घरगुती छायाचित्रकारांना परवडतील अशी चित्रसंपादनाची साधने मिळू लागली आणि कात्रीही गेली, खळही गेली. उरला तो पडदा.

संगणकावरच्या चिकटवहीचे तंत्र ज्यांनी पाहिले नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगायचे तर ती थरांची रचना असते. सर्वांत खाली कागदाचे चित्र, त्यावर छायाचित्र, त्यावर चौकट, पान, फूल, फीत आणि सर्वांत वर अक्षरे. प्रत्येक थर सुटा असतो, हवा तेव्हा हलवता येतो, नको असेल तर काढता येतो. खऱ्या चिकटवहीत वाकडे चिकटलेले छायाचित्र जन्मभर वाकडेच राहते. येथे एक कळ दाबली की चूक झालीच नव्हती. पान बहुधा 12 इंची चौरस असते. ते छापील पुस्तकासारखे स्पष्ट उमटायचे तर इंचाला 300 बिंदू लागतात, म्हणजे लांबीरुंदीला 3600, आणि एका पानात सुमारे 1 कोटी 30 लाख बिंदू. एवढ्या बिंदूंत आईचे मन रमले तर नवल नाही. ज्या हातांनी अठरा वर्षे डबे भरले, त्या हातांना कोणी न मागितलेले काहीतरी सुंदर करण्याची ही संधी असते. तिची थट्टा करणाऱ्यांनी आपापल्या पत्त्यांचे आणि क्रिकेटचे तास आधी मोजावेत.

अडचण येते ती हिशेबात. मुलाच्या जन्मापासून अठराव्या वर्षापर्यंत साधारण 6570 दिवस होतात. रोज दहा छायाचित्रे धरली (हल्लीच्या मोबाइलच्या दिवसांत हा आकडा संकोचानेच सांगितलेला आहे) तर 65,700 होतात. त्यांतून शंभरात एक निवडले तरी 657 उरतात. पानावर चार बसवली तर 164 पाने, आणि एका पानाला दोन तास धरले तर सव्वातीनशेहून अधिक तास. पुन्हा यात निवडीला लागणारा वेळ धरलेलाच नाही. खरा वेळ तर तिकडेच जातो, कारण चौथ्या वाढदिवसाचा फोटो शोधताना शेजारचे तीस फोटो पाहिल्यावाचून कोणती आई पुढे गेली आहे? परिणामी ही वही नेहमी मागे असते. मूल सातवीत असते तेव्हा वही बालवाडीत असते, आणि मूल बारावीला पोहोचले की आईला एकाएकी धास्ती वाटू लागते की आता हे निघणार आणि पुस्तक अपुरेच राहणार.

इंदूरच्या एखाद्या मराठी घरात एप्रिल ते जुलै या महिन्यांत काय घडते ते पाहावे. मुलीची बारावीची परीक्षा आटोपलेली असते. केंद्रीय विद्यापीठांच्या पदवीप्रवेशासाठी 2022 साली सुरू झालेली सामाईक परीक्षाही तिने दिलेली असते. मग निकाल, मग याद्या. हैदराबाद की दिल्ली हे ठरेठरेपर्यंत उन्हाळा सरतो, आणि एकदा ठरले की दहा-पंधरा दिवसांत निघावे लागते. वडील बॅगांच्या दुकानांतून हिंडत असतात, कारण आपल्या भावना बॅगेच्या चाकांच्या मजबुतीविषयी बोलून व्यक्त करण्याची त्यांची रीत असते. आई संगणकापुढे. निरोपाच्या दिवशी पुस्तक हाती द्यायचे, छापखान्याला आठवडा लागतो, म्हणजे हातात इतके इतके दिवस, असा तिचा हिशेब चाललेला असतो.

"आई, जरा इकडे ये ना. साधं वरण किती शिट्ट्यांचं, ते दाखव."

"थांब गं, नववी संपत आलीय माझी!"

हे उत्तर ऐकून घरातले सगळे हसतात, आणि हसण्यासारखेच ते आहे. पण नववीतली जी मुलगी पडद्यावर आहे ती आता कोठेही जाणार नाही. स्वयंपाकघरात उभी असलेली जाणार आहे, आणि तिला वरण शिकायचे आहे. दोघींपैकी सोपी कोणती, हे उघड आहे. पडद्यावरची मुलगी हलवली तशी हलते, तिच्यावरचा प्रकाश वाढवता येतो, तिच्याभोवती पानेफुले मांडता येतात. स्वयंपाकघरातली मुलगी उद्या काय करील ते सांगता येत नाही. निरोपाच्या त्या महिन्यात छंद वाढतो तो बहुधा यामुळे, आणि ज्या बायकांना हे जाणवते त्यांनाही ते उघडपणे कबूल करणे जड जाते.

दुसरा प्रसंग पहिल्यापेक्षा अवघड. पुस्तक पुरे होत आलेले असते आणि मुलगी ते चाळता चाळता एका पानावर थांबते. आठवीतली ती. जाड भिंगांचा चष्मा, दातांना तार, शाळेच्या संमेलनात विसरलेल्या संवादानंतरचा रडवेला चेहरा. आईने त्याभोवती पारिजातकाची फुले मांडलेली असतात आणि खाली प्रेमाने दोन ओळी लिहिलेल्या असतात. मुलगी म्हणते, "हे पान नको." आईला वाटते, सहा तासांचे काम. त्याहून खोल असे वाटते की त्या संध्याकाळी हिला कुशीत घेऊन बसले ते मी, आणि ही म्हणते नको!

या वादात मुलीचा पक्ष खरा मानावा लागतो. ती संध्याकाळ आईचीही होती हे खरे, आणि आईने ती स्वतःच्या संग्रहात अवश्य ठेवावी. पण वसतिगृहाच्या खोलीत जे पुस्तक चार नव्या मैत्रिणी हाताळणार, त्यात काय असावे हे ठरवण्याचा अधिकार जिचे ते बालपण आहे तिचा. ती आता अठरा वर्षांची आहे, मतदार आहे. इतकी वर्षे तिची छायाचित्रे तिला न विचारता काढली गेली, नातेवाइकांना पाठवली गेली. त्यात कोणाचा दोष नाही. मात्र विचारण्याची सुरुवात कोठून तरी व्हावयास हवी, आणि या पानाइतकी योग्य जागा दुसरी सापडणार नाही. संगणकाची सोय अशी की पान फाडावे लागत नाही. आईच्या प्रतीत ते राहते, मुलीच्या प्रतीत नसते.

ज्या घरांत हा तोल नीट सांभाळला जातो तेथे बहुधा असे दिसते की पुस्तक आखूड असते. 164 पानांचा हट्ट सुटलेला असतो. तीस-चाळीस पाने, त्यांतली निम्मी मुलीने निवडलेली, आणि हे सारे बारावीच्या आधीच्या सुट्टीत उरकलेले. निघण्याच्या महिन्यात संगणक बंद, कॅमेरा मात्र चालू. अभ्यासाच्या टेबलावरचा पसारा, दारामागे लटकणारे दप्तर, वहीच्या मागच्या पानावरचे तिचे अक्षर, आजोबांबरोबर सराफ्यात खाल्लेला भुट्ट्याचा कीस, अशी छायाचित्रे त्या दिवसांत काढावीत आणि तशीच ठेवून द्यावीत. त्यांची पाने सप्टेंबरात करता येतात. सप्टेंबरात वेळ पुष्कळ असतो. तो किती असतो हे ज्यांच्या घरातले शेवटचे मूल गेले आहे त्यांना सांगावयास नको.

त्या सप्टेंबरातला मोह वेगळा. आता छायाचित्रे येईनाशी होतात. जी येतात ती मैत्रिणींच्या घोळक्याची, अंधारातली, ज्यांत आपली मुलगी कोणती हेच आधी शोधावे लागते. मग आई मागणी करू लागते. खोलीचा फोटो पाठव, जेवणाच्या ताटाचा पाठव, पान अडलंय. मुलगी दोनदा पाठवते, तिसऱ्यांदा विसरते, चौथ्यांदा तिच्या स्वरात किंचित त्रासिकपणा येतो. येथे छंदाने मागे सरावे हे उत्तम.

आनंदीबाई जोशी 1883 च्या एप्रिलात कलकत्त्याहून अमेरिकेला निघाल्या तेव्हा त्यांना अठरावे वर्ष नुकतेच पुरे झाले होते. फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयातले त्यांचे 1885 सालचे एक छायाचित्र प्रसिद्ध आहे. शेजारी जपानच्या केई ओकामी आणि सीरियाच्या सबात इस्लामबूली, तिघी आपापल्या देशाच्या वेशात. ते छायाचित्र घरच्या कोणी काढलेले नाही आणि घरच्या कोणाच्या सोयीसाठीही नाही. आनंदीबाईंची जी ओळख त्यात दिसते ती कल्याणच्या घरात कोणी पाहिलेली नव्हती. विद्यापीठात गेलेल्या मुलांची छायाचित्रे अशीच असतात. ती मागून मिळत नाहीत. कधी तरी आपण होऊन येतात, आणि आली की त्यांवर फुले मांडण्याची घाई करू नये.

पुस्तकाइतकीच काळजी मूळ छायाचित्रांची घ्यावयास हवी. 2016 साली गूगलने आपला पिकासा हा लोकप्रिय चित्रसंग्राहक बंद केला, आणि 1 जून 2021 पासून त्याच कंपनीची छायाचित्रांसाठीची अमर्याद मोफत जागाही थांबली. वीस वर्षांपूर्वी चकत्यांवर उतरवून कपाटात ठेवलेले बारसे आज पाहायचे म्हटले तर चकती घालण्याची फटच नव्या संगणकाला नसते. थरांची मूळ फाइल ज्या साधनात केली त्याच्याशी बांधलेली राहते. म्हणून प्रत्येक पानाची एक साधी चित्रप्रत निराळी काढून ठेवावी. तीन प्रती, त्या दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, आणि त्यांतली एक घराबाहेर, असा जाणकारांचा दंडक आहे. घराबाहेरची प्रत आता कोठे ठेवावी हा प्रश्न तर आपोआपच सुटलेला असतो. मुलीच्या बॅगेत एक हार्ड डिस्क सहज मावते. नावाच्या जागी 'छकुली गोड' असे न लिहिता वर्ष, महिना, दिवस, स्थळ या क्रमाने लिहावे. छकुलीला पुढे शोधताना ते सोपे जाते.

मग रिकाम्या खोलीत ठेवलेल्या संगणकावर करायचे काय? इंदूर, ग्वाल्हेर, वडोदरा, हैदराबाद येथल्या मराठी घरांपाशी याचे एक उत्तर आहे, आणि ते पुण्यामुंबईच्या घरांपाशी तितके नाही. ही घरे येथे आहेत तीच मुळी कोणी तरी घर सोडल्यामुळे. होळकरांच्या, शिंद्यांच्या, गायकवाडांच्या चाकरीसाठी कोकणातून, देशावरून कोणी तरी निघाला, आणि त्याच्या आईजवळ त्याचे चित्रही राहिले नाही. छायाचित्रे आली ती पुढच्या पिढ्यांत. याच इंदुरात सार्वजनिक बांधकाम खात्यात नोकरी करताना लाला दीनदयाळ छायाचित्रण शिकले. पुढे निजामाने त्यांना 'राजा' केले, आणि 1892 साली हैदराबादेत त्यांनी केवळ स्त्रियांसाठी स्वतंत्र छायाचित्रशाळा काढली. पडद्यातल्या बायकांना आपला चेहरा कागदावर पाहता आला तो अशा सोयींमुळे.

तशा चेहऱ्यांचे पुठ्ठे अजून किती तरी घरांत माळ्यावरच्या पेटीत आहेत. पगडी घातलेले एक गृहस्थ, शेजारी नऊवारीतली, नथ घातलेली मुलगी, पायाशी फुलांची कुंडी. ते नीट पुसून, स्कॅन करून, थरांच्या त्याच तंत्राने त्यांची पाने मांडता येतात. बंगलोरला किंवा दिल्लीला शिकणाऱ्या नातीला आपल्या आठवीतल्या चष्म्यापेक्षा ही पाने अधिक बघावीशी वाटतात, असा पुष्कळ आयांचा अनुभव आहे. कारण तीही आता घर सोडून गेलेल्यांपैकी एक असते. पणजोबा पहिल्यांदा आले तेव्हा उतरले कोठे, जेवले कोठे, घरी पत्र किती दिवसांनी गेले, असले प्रश्न ती फोनवर आपणहून विचारते, आणि त्या दिवशी ताटाच्या फोटोची आठवण कोणालाच राहत नाही.

या कामाची घाई मात्र खरी आहे. बारावीच्या पुस्तकाची तितकी नव्हती. पुठ्ठ्यांच्या मागे बहुधा काहीच लिहिलेले नसते. कोण कोणाची काकू, कुंडीशेजारचे मूल पुढे कोणत्या गावी गेले, हे घरात एकट्या आजीला सांगता येते, आणि आजी हल्ली दुपारच्या चहानंतर तासभरच नीट बोलते.