पिल्लांना घर ओळखू द्या
(जिल्हा मेळाव्यातील भाषण)



कापसाचा पैसा आला तसा देणेकऱ्याकडे जातो. कोंबडीचा तेवढा बाईच्या पदराला राहतो, म्हणून सांगते.

मागे मी गिरिराजाची 20 पिल्लं 6 आठवड्यांची झाल्यावर नव्या खुराड्यात टाकली अन् दुसऱ्याच सकाळी मोकळी सोडली. दिवस मावळता 11 परतली. बाकीची पऱ्हाटीतच बसली. रात्री रानबोक्यानं नेली, उरलेली पहाटे मुंगसानं. पिल्लांची काय चूक? त्यांना घर ठाऊकच नव्हतं.

पुढच्या खेपेला आठवडाभर आतच कोंडली, दाणापाणी आतच. मग पऱ्हाट्यांचा कूड घालून अंगण केलं आणि मावळतीच्या तासभर आधी, उपाशीपोटी सोडू लागले. डब्यात ज्वारी वाजवली की आत पळतात. बाहेर बसलेली अंधारात उचलून दांडीवर ठेवायची. अंधारात ती धडपडत नाहीत. तीन-चार रात्रींत शिकतात.

जुन्या कोंबड्या टोचून रक्त काढतात. मध्ये जाळी लावून आठवडाभर नुसतं एकमेकींना पाहू द्या. आठव्या आठवड्यात मानमोडीची लस टोचून घ्या.

आणि फवारलेल्या कपाशीत कोंबडी सोडू नका. औषध चोळलेली उरलेली सरकीही अंगणात सांडू देऊ नका.