ग्रुपवरचं शिकणं आणि आपल्या वहीतलं संशोधन

(प्रभागसंघाच्या वार्षिक सर्वसाधारण सभेत झालेल्या भाषणाचा मजकूर)



मला विषय दिलाय, 'ऑनलाइन समूहातून शिकणं आणि संशोधन'. तुमच्यातल्या काही जणींना वाटेल, संशोधन हे शिकलेल्या लोकांचं काम, आपला काय संबंध?

संबंध आहे. आज बहुतेक गटांचा व्हॉट्सॲप ग्रुप आहे. सकाळी फुलांचे फोटो येतात, मग बैठकीचा निरोप येतो आणि मध्येच कुणीतरी पाठवतं, 'अमुक पाला खा, साखर कायमची जाईल.' ते वाचून एखादीने गोळ्या बंद केल्या, तर जिवावर बेतू शकतं. म्हणजे ग्रुप आपल्याला काहीतरी शिकवतोच आहे. ते खरं की खोटं, हे कोण बघणार? आणि आपण नुसतं आलेलं पुढे पाठवायचं, की आपल्याकडचंही काही त्यात घालायचं?

यासाठी मी तुम्हाला तीन गोष्टी सांगते. तिन्ही परदेशातल्या आहेत, पण माणसं तुमच्या-माझ्यासारखीच आहेत.

पहिली गोष्ट आकाशाची. आपली आकाशगंगा म्हणजे असंख्य ताऱ्यांचा एक समूह. असे समूह आकाशात अगणित आहेत. अमेरिकेतल्या एका दुर्बिणीने त्यांचे लाखो फोटो काढले. काही समूहांना चकलीसारखी वळणं असतात, काही लाडवासारखे गोल असतात. कोणता कसा, हे निवडायचं होतं. इंग्लंडमधल्या ऑक्सफर्ड विद्यापीठातल्या एका विद्यार्थ्याने पन्नास हजार फोटो एकट्याने बघितले आणि तो थकला. शेवटी जुलै २००७ मध्ये त्यांनी ते फोटो इंटरनेटवर सगळ्यांसाठी खुले केले. नाव दिलं 'गॅलेक्सी झू'. कुणीही या, बघा आणि सांगा, चकली की लाडू. पहिल्या वर्षात दीड लाख लोकांनी मिळून पाच कोटींहून जास्त उत्तरं दिली.

आता तुम्ही म्हणाल, दीड लाख लोकांत चुका किती झाल्या असतील! झाल्याच. पण एकच फोटो अनेकांना दाखवला जायचा. एकीची नजर चुकली तरी बाकीच्यांची उत्तरं जुळायची. आपल्या बैठकीत रोकड एकीने मोजली तरी दुसरी पुन्हा मोजते ना? तेच तत्त्व.

त्यात नेदरलँड्स देशातल्या एक शाळेतल्या शिक्षिका होत्या, हॅनी व्हॅन आर्केल. त्यांना एका फोटोत निळसर डाग दिसला. तो चकलीही नव्हता आणि लाडूही नव्हता. त्यांनी 'असेल काहीतरी' म्हणून सोडून दिलं नाही. ग्रुपवर विचारलं, 'हे काय आहे?' शास्त्रज्ञांनाही सांगता येईना. मग मोठमोठ्या दुर्बिणी तिकडे वळवल्या. तो वायूचा प्रचंड ढग निघाला, शेजारच्या तारासमूहातून पूर्वी आलेल्या झगझगीत प्रकाशाने उजळलेला. आज त्याला जगभर हॅनीचंच नाव आहे आणि त्यावरच्या शास्त्रीय लेखात लेखक म्हणूनही त्यांचं नाव आहे. ताईंनो, यातलं लक्षात ठेवायचं ते एवढंच, की त्यांनी प्रश्न विचारला. बैठकीत 'मला कळलं नाही' म्हणायला आपल्याला लाज वाटते. तिथे त्याच वाक्याने शोध लागला.

दुसरी गोष्ट 'फोल्डइट' नावाच्या खेळाची. अमेरिकेतल्या वॉशिंग्टन विद्यापीठाने २००८ साली तो संगणकावर आणला. शरीरातली प्रथिनं म्हणजे लांब साखळ्या. त्यांची घडी कशी पडते, त्यावर त्यांचं काम ठरतं. खेळणाऱ्याने पडद्यावर ती घडी नीट बसवायची, की गुण मिळतात. माकडांना एड्ससारखा आजार करणाऱ्या एका विषाणूतल्या प्रथिनाची घडी शास्त्रज्ञांना दहा वर्षांहून जास्त काळ सापडत नव्हती. खेळणाऱ्यांनी गट करून, एकमेकांची घडी सुधारत, तीन आठवड्यांत तिचा चांगला नमुना दिला. त्यातल्या बहुतेकांनी हा विषय कधी शिकलेला नव्हता. २०११ साली लेख छापून आला, तेव्हा खेळणाऱ्यांच्या गटांची नावं लेखकांमध्ये होती. गटाचं काम, म्हणून गटाचं नाव.

तिसरी गोष्ट जरा वेगळी आहे. 'वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट' नावाचा एक ऑनलाइन खेळ आहे. त्यात एक अख्खं खोटं जग आहे. गावं, बाजार, शहरं, सगळं. जगभरची लाखो माणसं आपापलं पात्र घेऊन त्यात वावरतात. सप्टेंबर २००५ मध्ये त्या जगात एक रोग सुटला. तो एका लांबच्या ठिकाणापुरताच राहायचा होता, पण खेळातल्या पाळीव जनावरांबरोबर तो शहरात आला आणि गर्दीत पसरला. दुबळी पात्रं पटापट मेली. मग माणसं कशी वागली? काही मदतीला धावली. काही लांब पळाली आणि जाताना रोग घेऊन गेली. काही नुसती बघायला आली. काहींनी मुद्दाम पसरवला. दोन संशोधकांनी २००७ साली यावर लेख लिहिला. साथीत माणसं कशी वागतील, हे कागदावरच्या गणितात धरता येत नाही, अशा जगातून ते शिकता येईल, असं त्यांचं म्हणणं. खेळात मेलेलं पात्र पुन्हा उठतं, त्यामुळे तिथे माणूस जास्त धाडस करतो, हा फरक आहेच. पण कोरोना आपण सगळ्यांनी बघितलाय. यातलं कोणतं वागणं आपल्या गावात दिसलं नाही, सांगा बरं!

या गोष्टीत आणखी एक धडा आहे. ते लोक खेळत होते. आपल्या वागण्याचा पुढे कुणी अभ्यास करेल, हे त्यांच्या ध्यानीमनीही नसेल. आपल्याकडेही सर्वेक्षणवाले येतात, फोनवर फॉर्मची लिंक पाठवतात. माहिती द्या, पण आधी चार प्रश्न विचारा. तुम्ही कोण? माहिती कशासाठी हवी? ती कुठे ठेवणार? निष्कर्ष आम्हाला दाखवणार का? उत्तर मिळालं नाही, तर नाही म्हणायचा आपल्याला हक्क आहे. आणि आधार, पासबुकाचा फोटो, ओटीपी ग्रुपवर कधीच टाकायचा नाही, मागणारा कुणीही असो.

आता आपलं संशोधन. आपल्याकडे शेळ्या आहेत आणि पावसाळ्यात करडं दगावतात. एक करडू गेलं की काही हजारांचं नुकसान, हप्ता तटतो. कारण विचारलं तर दहा जणी दहा कारणं सांगतात. एकीने सांगितलं तर तो अनुभव झाला. पन्नास जणींनी तारखेसह लिहून ठेवलं, तर ती माहिती झाली. म्हणून या वर्षी प्रत्येक गटाने एक वही घालावी. करडू कोणत्या तारखेला जन्मलं, पहिल्या तासात चीक पाजला का, शेळीला पावसाळ्याआधी आंत्रविषाराची लस टोचली होती का, गोठा ओला होता का, आणि तीन महिन्यांनी करडू जिवंत आहे का. एवढे पाचच रकाने. जगलेल्या करडांचीही नोंद करायची. नाहीतर तुलना कशाशी करणार?

महिन्याच्या बैठकीत हिशोबाबरोबर ही वहीही वाचायची. पानाचा फोटो ग्रामसंघाच्या ग्रुपवर टाकायचा आणि शेजारच्या गटाने तो तपासायचा. सगळ्या गावांचं एकत्र करून पशुसखी ताई ते पशुवैद्यकीय दवाखान्यातल्या डॉक्टरांपुढे ठेवतील. घरात फोन एकच असतो आणि तोही मालकांच्या खिशात, हे मला माहीत आहे. म्हणून वही आधी, फोन नंतर. गटात एकीकडे फोन असला तरी काम चालतं.

आपली पंचसूत्री आहेच: नियमित बैठक, नियमित बचत, अंतर्गत कर्ज, नियमित परतफेड, नियमित लेखे. ज्या बाईला लेखे नीट ठेवता येतात, तिला संशोधन करता येतं. पुढच्या वार्षिक सभेत जमाखर्चाच्या पत्रकाबरोबर करडांचंही पत्रक मांडलं जावं आणि त्यावर प्रत्येक गटाचं नाव असावं, एवढी सूचना करते आणि थांबते.