आधी गळती शोधा, मग मशीन घ्या
(महासंघाच्या मासिक सभेत क्षेत्र समन्वयकांनी केलेलं भाषण)

 

आजचा विषय आहे, आपल्या धंद्यात तंत्रज्ञान कसं वापरायचं. गावागावांत बैठकीला गेले की एक प्रश्न हमखास येतो, "ताई, कर्ज मंजूर झालंय, कुठलं मशीन घेऊ?" मी उलट विचारते, "तुमच्या धंद्यात पैसा गळतो कुठे?" हे ठाऊक नसताना घेतलेलं मशीन कोपऱ्यात पडून राहतं. हप्ता मात्र दर महिन्याला दारात उभा असतो.

आपल्याच भागातलं उदाहरण घेऊ. बदलापूरच्या जांभळाला भौगोलिक मानांकन मिळालंय, ही आपल्या सगळ्यांच्या अभिमानाची गोष्ट आहे. पण मानांकनानं टोपली आपोआप विकली जात नाही. जांभूळ नाजूक फळ. हंगाम थोड्या आठवड्यांचा, आणि तोडलेलं फळ एक-दोन दिवसांत मऊ पडतं. पाड्यावरच्या आपल्या बहिणी पहाटे उठून टोपल्या घेऊन स्टेशनबाहेर किंवा रस्त्याकडेला बसतात. सकाळी भाव मिळतो. संध्याकाळी उरलेला माल मिळेल त्या भावात द्यावा लागतो. गळती तिथे आहे.

हिशेब करून बघू. समजा, टोपलीत १० किलो माल आहे. सकाळी ६ किलो २०० रुपयांनी गेला, १२०० रुपये झाले. उरलेला ४ किलो ८० रुपयांनी काढला, ३२० आले. एकूण १५२०. आता हाच ४ किलो आदल्या रात्री व्हॉट्सॲपवर नोंदवला गेला असता तर? बदलापूर, अंबरनाथ, उल्हासनगरच्या सोसायट्यांमध्ये ताजं फळ घेणारी घरं भरपूर आहेत. फळाचा आजचा फोटो, भाव आणि पोचवायची वेळ, एवढाच निरोप पाठवायचा. चार किलोचे ८०० आले, त्यातून रिक्षाचे १०० वजा केले, तरी दिवसाला ३८० रुपये जास्त हातात राहतात. यात मशीन कुठलं घेतलं? फोन तर घरात होताच.

त्यानंतरही माल उरत असेल, तर मग गर काढून गोठवायचा आणि बिया धुऊन, वाळवून दळायच्या. फ्रीझर लागला तर तो एकटीनं घेऊ नका. दोन-तीन गटांनी मिळून घ्या, विजेचं बिल वाटून भरा आणि हंगाम संपल्यावर त्यात काय ठेवणार, तेही आधीच ठरवा. विकायचा खाद्यपदार्थ असेल तर अन्नसुरक्षेची नोंदणी हवी. पाकिटावर 'मधुमेह बरा होतो' असं छापू नका, कायद्यानं तसा दावा करता येत नाही. आणि मानांकनाचं चिन्ह वापरायचं तर अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंद करावी लागते. गटानं मिळून तो अर्ज करावा.

तंत्रज्ञान म्हणजे फक्त विजेवर चालणारी वस्तू, असंही समजू नका. १९५९ साली मुंबईत गिरगावात सात बायकांनी ८० रुपये उसने घेऊन लिज्जत पापड सुरू केला. तो पापड आजही घरोघरी हातानंच लाटला जातो. मग किंमत कशानं वाढली? पीठ केंद्रावर एकसारखं मळायचं, बहिणींना मोजून द्यायचं, तयार पापड तपासून, वजन करून परत घ्यायचा. कुठल्याही घरात लाटला तरी चव तीच. मोजमाप आणि शिस्त हेसुद्धा तंत्रच आहे. आपल्या मसाल्याचं प्रत्येक पाकीट एकाच वजनाचं आणि एकाच चवीचं निघतं का, हे प्रत्येक गटानं स्वतःला विचारा.

आता जरा स्पष्ट बोलते. पाटीजवळ, हातगाडीवर क्यूआर कोड लागलेत, चांगलं आहे. पण त्या कोडमागचं खातं कुणाचं आहे? बऱ्याच ठिकाणी ते मुलाचं किंवा घरमालकांचं असतं. माल आपला, ऊन आपण सोसायचं आणि जमा त्यांच्या पासबुकात. भांडण लावायला मी हे बोलत नाहीये. पण उद्या बँकेत कर्ज मागायला गेलात, तर साहेब तुमच्याच खात्यातली उलाढाल बघणार. तुमच्या नावावर काही दिसलंच नाही, तर तुमचा धंदा कागदावर नाहीच. म्हणून खातं आपलं, त्याला जोडलेला नंबर आपला आणि पिनही आपल्याच डोक्यात. साधा बटणांचा फोन असेल तरी अडत नाही. २०२२ पासून यूपीआय १२३पे ही सोय आहे, त्यात इंटरनेट लागत नाही. गटाचा माल विकला तर पैसे गटाच्याच खात्यात घ्यायचे.

वाचता येत नसेल तर पैसे आल्यावर बोलणारा डबा कामाचा आहे. पण त्याचं महिन्याचं भाडं किती आणि दिवसाची विक्री किती, हे आधी ताडून बघा.

तीन गोष्टी पक्क्या लक्षात ठेवा. पैसे घ्यायला पिन लागत नाही, तो फक्त द्यायला लागतो. 'पैसे पाठवतो, पिन टाका' म्हणणारा माणूस ठकच समजा. दुसरं, गिऱ्हाईकानं दाखवलेल्या स्क्रीनवर विसंबू नका, आपल्या खात्यात जमा झाले का ते बघूनच माल द्या. तिसरं, फसवणूक झालीच तर लाज वाटून गप्प बसू नका. लगेच १९३० ला फोन लावा. जितका उशीर कराल, तितके पैसे परत मिळणं अवघड.

पुढच्या बैठकीला येताना प्रत्येकीनं एक काम करायचं. आठ दिवस वहीत तीन रकाने भरायचे: किती माल केला, पूर्ण भावानं किती गेला, पडत्या भावानं किती गेला किंवा वाया गेला. लिहिता येत नसेल तर लेकीकडून लिहून घ्या, नाहीतर फोनमध्ये बोलून ठेवा. तिसरा रकाना बघून आपण सगळ्या मिळून ठरवू, कुणाला व्हॉट्सॲप पुरेल, कुणाला वजनकाटा लागेल आणि कुणाला खरंच मशीनसाठी कर्ज काढावं लागेल. वही आणल्याशिवाय मशीनच्या कर्जाची चर्चा करायची नाही, असं आजच ठरवूया का?