चिखलातल्या कृमींची नावं

कृमी म्हटलं की आपल्याला पोटातले जंत आठवतात. मी आज ज्यांच्याविषयी बोलणार आहे, ते कृमी समुद्राच्या तळाशी चिखलात राहतात. ते गांडुळाचे आणि जळवेचे भाऊबंद. शास्त्रात त्यांना पॉलिकीट म्हणतात, म्हणजे पुष्कळ केसांचे. अंगाच्या वळ्यावळ्यांवर राठ केसांचे झुबके असतात.

त्यांना ओळखणं हे माझं काम. होडीतून लोखंडी जबडा तळाशी सोडायचा, घमेलंभर चिखल वर घ्यायचा आणि अर्ध्या मिलिमीटरच्या चाळणीतून धुवायचा. उरलेल्या गाळात फॉर्मॅलिन आणि रोझ बेंगॉल हा रंग घातला, की कृमी गुलाबी होतात आणि शिंपल्यांच्या चुऱ्यातून उठून दिसतात. मग सूक्ष्मदर्शकाखाली एकेक चिमट्यानं उचलायचा. (चाळणीतून निसटणाऱ्या सूत्रकृमींचं जग आणखी अफाट आहे, त्यांना वेगळं भाषण लागेल.) डोकं, जबडे, केसांची ठेवण पाहून आधी कूळ लावायचं, मग वंश, शेवटी जाती. घोडं अडतं ते या शेवटच्या पायरीवर.

एवढ्याशा जिवाच्या नावाची एवढी उठाठेव कशाला, असं लोक विचारतात. त्यांना मी कॅपिटेलाची हकिगत सांगतो. दोऱ्यासारखा बारीक, लालसर, दिसायला गांडुळाचं पिल्लू. ओटो फॅब्रिशियस या डॅनिश मिशनऱ्यानं ग्रीनलंडमधल्या अशा कृमीचं वर्णन १७८० साली छापलं. पुढे जगभर असा कृमी दिसला, की तेच नाव लावलं गेलं: कॅपिटेला कॅपिटाटा. सांडपाण्यानं कुजलेल्या चिखलात इतर जीव मरतात, तिथे हा फोफावतो. म्हणून तो प्रदूषणाची खूण ठरला.

सप्टेंबर १९६९ मध्ये अमेरिकेत मॅसॅच्युसेट्सच्या किनाऱ्यावर वेस्ट फालमथजवळ एक तेलवाहू तराफा खडकावर चढला आणि सुमारे ७ लाख लिटर इंधन तेल सांडलं. त्या मेलेल्या तळावर कॅपिटेला उदंड माजला. ज्युडिथ आणि फ्रेडरिक ग्रासल या दांपत्यानं त्यांच्या शरीरातली प्रथिनं तपासली आणि १९७६ साली जाहीर केलं, की ही एक जाती नाही, निदान सहा आहेत! अंगलट जवळपास सारखी. पण अंड्यांचा आकार निराळा, पिल्लांची रीत निराळी. एकीची पिल्लं पाण्यात तरंगत दूरवर जातात, दुसरीची आईच्या आसपासच बूड टेकतात. म्हणजे चिखलात शंभर कॅपिटेला सापडले, तर ते बाहेरून आले की तिथेच वाढले, हे जाती कळल्याखेरीज सांगता येत नाही.

त्या सहांपैकी पहिलीला कॅपिटेला टेलेटा हे नाव मिळालं २००९ मध्ये. तेहतीस वर्षं बिचारी नुसत्या क्रमांकावर जगली. त्याच वर्षी जेम्स ब्लेक यांनी ग्रीनलंडच्या मूळ जातीचं नव्यानं वर्णन करून तिचा प्रमाण नमुना ठरवून दिला.

आपल्याकडे पिएर फोव्हेल या फ्रेंच शास्त्रज्ञाचा भारतीय पॉलिकीटांवरचा १९५३ चा ग्रंथ अजूनही हाताशी ठेवावा लागतो. ग्रंथ मोलाचा आहे, पण त्यातली कितीतरी नावं युरोपातून आलेली. खाडीच्या कोमट चिखलातल्या कृमीला ग्रीनलंडचं नाव द्यायला माझा हात धजत नाही. मी यादीत फक्त 'कॅपिटेला' लिहितो. अहवाल मागवणारे नाराज होतात. नाव पुरं नसलं, की काम अर्धवट वाटतं. पण सांडपाण्याचा नळ कुठवर न्यायचा, याचा निर्णय होताना असे अहवाल पुढे असतात. तिथे खोट्या खात्रीपेक्षा रिकामी जागा बरी, असं माझं मत आहे.

फॉर्मॅलिनमुळे डीएनए खराब होतो. म्हणून आता प्रत्येक खेपेला चार-पाच कृमी मी अल्कोहोलमध्ये वेगळे ठेवतो. कुपीत चिठ्ठी घालतो ती पेन्सिलीनं लिहिलेली, कारण शाई अल्कोहोलमध्ये विरघळते. ठिकाण, तारीख, पाण्याची खोली आणि 'कॅपिटेला'. पुढे दोन बोटं जागा सोडलेली असते.