दप्तर राखणाऱ्यांचा सत्कार



परीक्षोत्तीर्णांचा व देणगीदारांचा सत्कार आपण दरवर्षी करतो. तो अवश्य व्हावा. परंतु जुनी दप्तरे झाडून त्यांची यादी करणाऱ्यास आपण कधी नारळही दिल्याचे आम्हांस स्मरत नाही. इतिहासाचार्य राजवाडे यांनी गावोगाव पायपीट करून मराठ्यांच्या इतिहासाच्या साधनांचे २२ खंड प्रसिद्ध केले. १९१० साली सरदार मेहेंदळे यांच्यासह पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापिले. १९२६ मध्ये ते धुळ्यास निवर्तले. तेथेही त्यांच्या नावाचे संशोधन मंडळ उभे राहिले. अशा ठिकाणी वाळवीपासून कागद राखणाऱ्यांची नावे कोणास ठाऊक असतात?

आमच्या घरची मोडी कागदांची पेटी आम्हीच रद्दीत घातली. अडगळ गेली म्हणून तेव्हा समाधानही वाटले!

यास्तव आमची सूचना अशी की, पुढील वर्षापासून अशा एका सेवकास पारितोषिक द्यावे. तो आपल्या ज्ञातीचा नसला तरी चालेल. पहिल्या वर्षाचे ५,००० रुपये आम्ही आमच्या निवृत्तिवेतनातून देत आहोत.