गाडीची उसनी उंची



वसंत व्याख्यानमालेत वेदान्त चालतो, अर्थशास्त्र चालते, नाट्यसंगीतही चालते; तेथे मोटारीच्या स्प्रिंगांवर कोणी तासभर बोलावे हे काहींना चमत्कारिक वाटेल. परंतु जो विषय घरातल्या चार माणसांच्या जिवाशी येऊन भिडतो, तो व्यासपीठाला परका कसा म्हणावा? पावसाळ्यातल्या एखाद्या रविवारी ताम्हिणीच्या किंवा वरंधा घाटाच्या रस्त्याने जा. लहानशा, पण जमिनीपासून चांगल्या उंच उचललेल्या फोर-व्हील-ड्राइव्ह गाड्या आपल्याला दिसतील. तरुण मंडळी याला ‘लिफ्ट किट बसवणे’ म्हणतात. ही उंची येते कोठून आणि तिची किंमत कोण भरतो, एवढाच आजचा प्रश्न आहे.

प्रथम गाडीची ओळख करून घेऊ. सुझुकीने 1970 साली जपानात जिम्नी हे छोटे वाहन बाजारात आणले. त्याच घराण्यातली जिप्सी 1985 च्या डिसेंबरात भारतात आली आणि पाच दारांची जिम्नी 2023 साली. या घराण्याची दोन लक्षणे आहेत. खाली शिडीसारखी पोलादी चौकट, आणि पुढे व मागे डाव्या चाकापासून उजव्या चाकापर्यंत जाणारा अखंड ॲक्सल. जिप्सीत चौकट आणि ॲक्सल यांच्यामध्ये पाटे असतात, जिम्नीत वेटोळ्याच्या स्प्रिंगा. पाट्यांच्या जागी अधिक कमानदार पाटे घातले, किंवा स्प्रिंगांच्या जागी लांब स्प्रिंगा बसवल्या, की चौकट वर जाते. बहुतेकांची हौस 50 मिलिमीटरांची, म्हणजे दोन इंचांची असते.

आता नेमके काय वर गेले, ते नीट पाहा. वर गेली ती चौकट आणि तिच्यावरचा सांगाडा. ॲक्सल होता तेथेच राहिला. त्याच्या पोटाशी डिफरन्शियलचा जो गोल डबा लोंबतो, तोच सहसा या गाडीचा सर्वांत खालचा भाग. दगडाला आधी तोच लागतो. स्प्रिंग कितीही लांब घाला, तो डबा केसभरही वर येत नाही! त्याला वर आणतो तो फक्त टायर, आणि तोही वाढलेल्या व्यासाच्या निम्म्यानेच. जिम्नीच्या 195/80 आर 15 टायरचा व्यास सुमारे 693 मिलिमीटर आहे. त्याच्या जागी 235/75 आर 15 घातला, तर व्यास 40 ने वाढतो आणि ॲक्सल 20 ने उचलला जातो. शिवाय वेगाचा काटा 60 दाखवीत असताना गाडी 63 च्या पुढे धावत असते, हे वेगळेच.

मग स्प्रिंगांच्या उंचीचा उपयोग काहीच नाही काय? आहे, आणि तो मान्य केला पाहिजे. बांध ओलांडताना गाडीचे पोट टेकत नाही. मोठ्या टायरला हालचालीपुरती जागा मिळते. तीन दारांच्या जिम्नीत दोन्ही ॲक्सलमधले अंतर 2250 मिलिमीटर आहे, पाच दारांच्या गाडीत 2590. साहजिकच लांब गाडीचे पोट उंचवट्यावर लवकर टेकते. तेथे दोन इंच उपयोगी पडतात. मात्र ही उंची उसनी आहे, आणि सावकार एक नाही, चार आहेत.

पहिला सावकार गुरुत्वमध्य. दोन चाकांमधले अंतर सुमारे 1400 मिलिमीटर. गुरुत्वमध्य 700 वर आहे असे समजू. निम्मे अंतर भागिले ही उंची, म्हणजे 1. गाडी 50 ने उचलली, पण ॲक्सल व चाके खालीच राहिली, म्हणून गुरुत्वमध्य 40 ने चढला असे धरा. भागाकार 0.95 च्याही किंचित खाली येतो. वळणावर उलटण्याविरुद्ध जी राखीव शक्ती होती, तीतली पाच टक्के गेली. टपावर कॅरिअर, पाण्याचे डबे आणि जादा चाक चढले की आणखी गेली. अरुंद, उंच गाड्यांचा हा प्रश्न जुनाच आहे. अमेरिकेत 1988 मध्ये ग्राहकांच्या एका संस्थेने याच घराण्यातल्या सामुराई गाडीला उलटण्याच्या कारणावरून नापास केले. कंपनीने 1996 मध्ये तिच्यावर दावा लावला आणि 2004 मध्ये तो तडजोडीने मिटला. त्या वादात कोण बरोबर, हा निवाडा मी करीत नाही. पण न उंचावलेल्या गाडीविषयीही एवढा वाद होऊ शकतो, हे ध्यानात ठेवावे.

दुसरा सावकार स्टिअरिंग. सायकलचा पुढचा चिमटा किंचित मागे कललेला असतो, म्हणून हात सोडले तरी ती सरळ जाते. मोटारीच्या पुढच्या चाकांनाही असाच कल दिलेला असतो. त्याला कॅस्टर म्हणतात. जिम्नीत पुढचा ॲक्सल ज्या दांड्यांनी धरलेला आहे, त्या मागे चौकटीला अडकवलेल्या असतात. चौकट वर गेली की दांड्या तिरप्या होतात, ॲक्सल स्वतःभोवती थोडा फिरतो आणि तो कल कमी होतो. मग वळणानंतर स्टिअरिंग आपणहून सरळ होत नाही, गाडी महामार्गावर भरकटते.

तिसरा सावकार ॲक्सलला आडवा धरणारा पॅनहार्ड रॉड. त्याची लांबी तीच, तिरपेपणा मात्र वाढला. म्हणून तो ॲक्सलला काही मिलिमीटर एका बाजूला ओढतो. चौथ्या सावकारात ब्रेकच्या रबरी नळ्या, चाकाजवळच्या तारा आणि प्रोपेलर शाफ्टचे सांधे येतात. चाक खड्ड्यात लोंबले आणि नळी ताणून फाटली, तर त्या वेळी गाडी कोठे असेल याचा विचार करा.

म्हणून माझे म्हणणे असे की, काम करायचे तर पुरते करावे. स्प्रिंगांबरोबर त्यांना शोभतील अशा लांबीचे शॉकॲब्सॉर्बर, कॅस्टर पूर्ववत करणारे बुश, कमीजास्त करता येणारा पॅनहार्ड रॉड आणि ब्रेकच्या नळ्यांना पुरेशी ढील, एवढे सारे एकदम हवे. नुसत्या स्प्रिंगांखाली ठोकळे घालून उंची मिळवणे म्हणजे पाया न घालता माडी चढवणे होय.

कृतीविषयी थोडे सांगतो. गाडी सपाट, टणक जमिनीवर उभी करावी, चाकांना ओट लावावी आणि चौकटीखाली भक्कम घोड्या द्याव्यात. नुसत्या जॅकच्या भरवशावर कोणीही खाली शिरू नये. ॲक्सल जॅकवर तोलून धरून शॉकॲब्सॉर्बर सोडावेत आणि तो हळूहळू उतरवावा. नळ्यांवर त्याचा भार येता कामा नये. आता एक मर्माची गोष्ट. दांड्यांच्या टोकांना रबराचे बुश असतात. ॲक्सल लोंबता असताना त्यांचे बोल्ट आवळले, तर गाडी जमिनीवर येताच रबराला कायमचा पीळ बसतो आणि ते लवकर फाटते. म्हणून गाडी आपल्या चाकांवर उभी राहिल्यावरच शेवटचा आवळ द्यावा, आणि तो टॉर्क पान्याने. नंतर चाकांची अलाइनमेंट पाहावी, दिव्यांचा झोत खाली घ्यावा आणि काहीशे किलोमीटरांनंतर सगळे बोल्ट पुन्हा तपासावेत.

कायद्याकडे पाठ फिरवून चालणार नाही. मोटार वाहन अधिनियम 1988 च्या कलम 52 प्रमाणे, निर्मात्याने मुळात नमूद केलेल्या तपशिलाशी नोंदणीतला तपशील विसंगत होईल असा फेरफार मालकाला करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2019 मध्ये हे स्पष्ट केले. 2019 च्या दुरुस्तीने आलेल्या कलम 182-अ मध्ये नियमबाह्य फेरफार करणाऱ्या मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दर फेरफारास पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही अशी शिक्षा आहे. तेव्हा किटची पावती फाडण्याआधी परिवहन कार्यालयात आणि विमा कंपनीकडे लेखी विचारणा करावी. अपघातानंतर विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर फार महाग पडते.

शेवटी एक साधी सूचना. चिखलात अडकलेली गाडी पुष्कळदा उंचीअभावी अडकलेली नसते. टायरची पकड सुटलेली असते. टायरमधली हवा वीस पौंडांच्या आसपास उतरवली, लो गिअर टाकला आणि पाय सांभाळला, तर मूळ गाडीही निघते. वर आल्यावर हवा पुन्हा भरावी. हा उपाय करून पाहूनही ज्याची वाट त्याला उंचीच मागते, त्याने ती अवश्य घ्यावी; पण चारही सावकारांचे देणे त्याच दिवशी फेडून घ्यावी. कारण बाकी राहिली तर तिची वसुली घाटातल्या वळणावर होते, आणि त्या वेळी मागच्या आसनावर आपली मुले बसलेली असतात.