बाळाला दुखतं, हे कुणी सांगायचं?

(कुरुंदा, ता. वसमत, जि. हिंगोली येथे महिला मेळाव्यात केलेले भाषण)



बाईचं दुखणं घरात सहसा कुणी खरं धरत नाही. 'सगळ्याच बायकांना होतं' म्हटलं की विषय मिटतो. तान्ह्या बाळाचंही तसंच. 'त्याला काय कळतंय!' असं आजी म्हणते, आणि काही दशकांपूर्वी मोठमोठे डॉक्टरही म्हणत होते.

1985 साली अमेरिकेत वॉशिंग्टनला जिल लॉसन यांच्या अपुऱ्या दिवसांच्या बाळाच्या हृदयाजवळच्या रक्तवाहिनीचं ऑपरेशन झालं. बाळाला हालचाल थांबवणारं औषध दिलं होतं, दुखणं थांबवणारं नाही. काही आठवड्यांनी बाळ गेलं. आईने खोदून विचारलं तेव्हा हे तिला कळलं. ती गप्प बसली नाही. 1986 मध्ये तिची हकीकत वर्तमानपत्रात आली.

त्याच सुमारास, इंदूरला शिकलेले डॉ. कंवलजीत आनंद ऑक्सफर्डला अशाच ऑपरेशनच्या बाळांचा अभ्यास करत होते. वेदनाशामक दिलेल्या बाळांच्या शरीरावर ताण कमी आला, नंतरचा त्रासही कमी झाला. हा अभ्यास 1987 मध्ये छापून आला. त्याच वर्षी अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने नवजात बाळालाही भूल द्यावी असं जाहीर केलं. 2015 मध्ये ऑक्सफर्डलाच असं दिसलं की, मोठ्या माणसाला टोचल्यावर मेंदूचे जे 20 भाग जागे होतात, त्यांतले 18 नवजात बाळातही होतात. उलट वेदना आवरून धरणारी मेंदूची यंत्रणा बाळात अजून कच्ची असते. म्हणजे 'लहान आहे, कमी दुखेल' हे खोटं.

बाळ सांगतं कसं? कपाळ आक्रसतं, डोळे घट्ट मिटतात, नाकाजवळ घडी पडते, तोंड वासतं, हनुवटी थरथरते. फार अपुऱ्या दिवसांचं किंवा आजारी बाळ रडतही नाही, निपचित पडतं. गप्प आहे म्हणजे दुखत नाही, असं समजू नका. हे आपल्यालाही लागू आहे.

आता आपल्याकडचं बघू. फेब्रुवारी 2025 मध्ये मेळघाटातल्या सिमोरी गावात 22 दिवसांच्या बाळाच्या पोटावर गरम विळ्याने 65 चटके दिल्याचं उघडकीला आलं. गुन्हा नोंदला गेला. पण 'आदिवासी अडाणी' म्हणून मोकळं होऊ नका. भूल न देता कापणारे शिकलेले होते. डागणारी बाई बाळाला बरं करायलाच बघत असते. दवाखाना लांब असतो आणि तिथे तिचं कुणी ऐकत नाही, हेही बोललं पाहिजे. आणि पोटफुगीवर डागणं हा उपाय नाही, हेही ठणकावून सांगितलं पाहिजे.

आपल्या हातात काय आहे? दीड, अडीच, साडेतीन महिन्यांच्या लसी चुकवू नका. मात्र सुई टोचताना बाळ आईच्या कुशीत, अंगावर पीत असू द्या. याने दुखणं कमी होतं आणि जागतिक आरोग्य संघटनेनेही 2015 मध्ये हेच सांगितलं आहे. औषध नको, पैसा नको. सिस्टरला कामाची घाई असते, ते मी समजते. तरी 'बाई, बाळ माझ्यापाशीच राहू द्या' एवढं म्हणायला कचरू नका. बाळंतीण लाजत असेल तर तिच्या वतीने सासूने, आशाताईने, नाहीतर तुम्ही म्हणा.

ज्याला बोलता येत नाही त्याचं दुखणं खरं मानायचं. आपल्या चळवळीचं कामही तेच आहे.